‘थांबा’ या उत्तराविषयी



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या प्रकारच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाबाहेरच्या बाकावर झाले. परंतु चालक म्हणाले, ‘तुम्हांला जे ठाऊक आहे तेच बोला.’ तेव्हा विचार केला की आम्हांला नक्की ठाऊक आहे तरी काय? उत्तर आले, थांबणे. हमालांच्या संघटनेचे काम करणाऱ्याचे निम्मे आयुष्य कोणाच्या तरी दाराबाहेर थांबण्यात जाते. म्हणून आज त्याच विषयावर बोलणार आहोत; मात्र आमच्या थांबण्याविषयी नव्हे, आमच्या मुलामुलींच्या.

कॉलेजच्या प्रवेशाला तीन उत्तरे असू शकतात. हो, नाही आणि थांबा. ‘हो’ म्हटले तर पेढे वाटतात. ‘नाही’ म्हटले तर घरात दोन दिवस चूल नीट पेटत नाही, पण तिसऱ्या दिवशी माणूस दुसरी वाट शोधू लागतो. ‘थांबा’ या उत्तराचे काय करायचे, हे मात्र कोणी शिकवलेले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक हमाल, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट वाहणारा. जमातीने महादेव कोळी. त्याची मुलगी बारावी झाली, प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळाले आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी अनुसूचित जमातीच्या राखीव जागेत तिचे नाव लागले. घरातली कॉलेजात जाणारी ती पहिलीच. पण जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती. अर्ज केल्याची पावती तेवढी हातात होती. ठरलेल्या तारखेपर्यंत पडताळणीचे प्रमाणपत्र आणले तर जागा तिची, नाही तर गेली. ज्या कार्यालयात अर्ज होता तिथे विचारले की एकच उत्तर मिळे, ‘प्रकरण विचाराधीन आहे, थांबा.’

मुलीचा बाप एके संध्याकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘अण्णा, नाही म्हनले असते तर बरे झाले असते. पोरीला दुसरीकडे कुठेतरी घातली असती. ह्ये थांबा म्हंजी काय समजायचे मानसाने?’

हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो आहोत. पण न्यायाने बोलायचे तर आधी दुसरी बाजू सांगितली पाहिजे. पडताळणी ही काही कोणी दुष्टाव्याने काढलेली गोष्ट नव्हे. ६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी झाली. पुढे राखीव जागांवर खोट्या दाखल्यांनी घुसणारे निघाले. आपल्या महाराष्ट्रात शिक्षणाच्या जागांत अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. त्यातली एक जागा लबाडीने गेली की ती अशाच एखाद्या डोंगरातल्या मुलीची जाते. म्हणून पडताळणी कडक हवी ही मागणी खुद्द आदिवासी संघटनांचीच आहे, आणि आम्हीही तिच्या बाजूचे आहोत. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे याच महादेव कोळी दाखल्यावर मेडिकलला घेतलेल्या प्रवेशाचे प्रकरण आले. दावा खोटा ठरला, आणि न्यायालयाने देशभरासाठी पडताळणीची पद्धत घालून दिली. मग राज्याने २००० सालचा कायदा केला आणि तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला.

तो १९९४ चा निकाल आम्ही वाचला आहे. इंग्रजी आमचे मोडकेतोडके, पण शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. त्यात तीन गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक पालकाने पाठ कराव्यात. पहिली, प्रवेश घेण्यापूर्वी निदान सहा महिने अर्ज करावा. दुसरी, चौकशी शक्यतो रोजच्या रोज चालवून दोन महिन्यांच्या आत संपवावी. तिसरी, चौकशी लांबली आणि प्रवेशाची मुदत टळू लागली तर विद्यार्थ्याला तात्पुरता प्रवेश द्यावा, निकालाच्या अधीन राहून. म्हणजे ज्या न्यायालयाने चाळणी बारीक केली त्यानेच चाळणाऱ्याच्या हाताला वेळेचे बंधनही घातले. चाळणी आम्ही उचलली. बंधन मात्र सोयीप्रमाणे विसरलो.

मग आमच्याकडे घोडे अडते कुठे? कागदावर. कायद्याने आपली जमात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत भारी. आता जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात १९५० पूर्वी शाळेत गेलेला आजा शोधून दाखवा! सापडलाच तर मास्तरांनी रजिस्टरात नुसते ‘हिंदू कोळी’ लिहिलेले असते. त्यांना काय ठाऊक की त्या एका शब्दाच्या कमतरतेपायी पणती अडकेल? जन्ममृत्यूची नोंद गावनमुना १४ मध्ये सापडते, ती कित्येकदा मोडीत. ती वाचणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो. डिंभ्याच्या धरणात ज्यांची घरे गेली त्यांचे संसार पांगले. माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. तिथे जे वाचले त्यांनी पेटीतला कागद कोठून आणावा? आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्यांचे दाखले तिकडच्या शाळांत.

गंमत अशी की सरकारच्याच दप्तरात ही जमात ठसठशीत आहे. कॅप्टन मॅकिन्टॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवले. जांभोरीचे होनाजी केंगले यांनी १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध बंड केले तेव्हा ते कोण, कुठले, हे ठरवायला सरकारला अडचण पडली नाही. पकडायचे होते तेव्हा ओळख पटली. शिकवायचे आहे तेव्हा पटत नाही. चालीरीती विचारून जमात ओळखण्याची जी चाचणी घेतात, तीच एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २४ मार्च २०२३ च्या निकालात सांगितले आहे.

थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हाही मुद्दा ध्यानात घ्यावा. श्रीमंताचा मुलगा थांबतो तेव्हा तो शिकवणीला जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात हिरडा गोळा करून जो पैसा हातात येतो त्यावर जूनची फी ठरलेली असते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे महिने लोटले की तो पैसा भाताच्या लावणीत आणि किराण्यात विरघळतो. वसतिगृहाची जागा प्रवेश पक्का झाल्याशिवाय नाही. मुलगी घरी बसली की शेजारपाजार विचारू लागतो, ‘मग यंदा उजवणार का?’ बाहेरून बघणाऱ्याला वाटते काही घडत नाही. आत एक एक दार बंद होत असते.

दूरच्या देशाचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत काही विद्यापीठांत नोव्हेंबरमध्येच अर्ज करता येतो. डिसेंबरात काहींना हो, काहींना नाही, आणि उरलेल्यांना सांगतात की तुमचा निर्णय पुढे ढकलला आहे. ती मुलेही जीव टांगून बसतात, रडतात. दुःख तिकडेही दुःखच. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी उत्तर येणार, आणि तोवर इतर ठिकाणी अर्ज करायला मोकळीक आहे. थांबणे आहे, पण त्याला तारीख आहे. आमच्याकडे २०२० साली आरक्षणाच्या स्थगितीमुळे अकरावीचे प्रवेश दोन महिन्यांहून अधिक अडकले. २०२५ साली सबंध राज्यात प्रथमच अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हा पहिली यादी जूनच्या अखेरीपर्यंत पुढे गेली. पोर रोज विचारी, ‘आज लागेल का?’ आणि घरातला कोणी उत्तर देऊ शकत नसे.

तारीख नसलेले थांबणे माणसाला कसे पोखरते ते आम्ही घरात पाहिले आहे. आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील गावी आले, आणि दर महिन्याला म्हणत, ‘पुढच्या महिन्यात भोंगा वाजेल.’ तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. ‘संपला’ असे कोणी सांगितले असते तर त्यांनी दोन म्हशी घेतल्या असत्या, कुठे वाटेकरी झाले असते. ते थांबले. आमची शाळा त्या थांबण्यात सुटली.

म्हणून आमची मागणी दयेची नाही, तारखेची आहे. याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागितले की १५ दिवसांत द्यायचे, न दिले तर बेकारी भत्ता. अडाणी मजुराच्या मागणीला जर तारीख लावता येते, तर विद्यार्थ्याच्या अर्जाला का लावता येऊ नये? पावतीवरच निर्णयाची तारीख लिहावी. ती चुकली तर विद्यार्थ्याची जागा राखून ठेवावी. चुकीचा भुर्दंड ज्याने चूक केली त्याच्या माथी असावा.

आता आमच्या पदरातले माप आम्हीच घालतो. त्या मुलीचा बाप आला तेव्हा बाजारात हमालीच्या दराचा वाद पेटला होता. आम्ही तिचे कागद घेतले, ‘होईल, थांब जरा’ म्हणालो आणि संघटनेच्या कपाटात ठेवले. आजोबांच्या नोंदीची नक्कल मिळवायला आम्ही तालुक्याला गेलो ते सोळा दिवसांनी. पुढे प्रमाणपत्र आले. प्रवेशाची शेवटची फेरी संपून अकरा दिवस झाल्यावर. त्यांनी ‘थांबा’ म्हटले, हे खरे. पण त्या अकरा दिवसांचा हिशेब मांडला तर आमचे सोळा दिवस त्यात बसतात, हेही खरे. आम्ही तिच्या घरी जाऊन हे सांगितले. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही निदान किती दिवस ते तरी सांगितलंत.’

त्या वर्षी तिने बाजारात टोमॅटो निवडले. दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, गुण थोडे कमी पडले, कॉलेज लांबचे मिळाले. पण मिळाले. तिच्या पाठच्या भावाने अर्ज केला तेव्हा सख्ख्या बहिणीचे प्रमाणपत्र जोडले, आणि त्याचे काम फार लवकर झाले.

तेव्हा जाता जाता हात जोडून सांगतो. ज्यांची मुले अकरावीत आहेत त्यांनी बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. कागद आजच गोळा करावेत. प्रत्येक गावाने जुन्या नोंदींची एक वही करावी, भावकीत ज्याला प्रमाणपत्र मिळाले असेल त्याने नक्कल द्यायला कुरकुर करू नये. मोडी वाचणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. आमच्या कार्यालयात आता अशा अर्जांसाठी निराळे कपाट आहे आणि त्यावर कागद कोणत्या तारखेला आला ते लिहिलेले असते.

कोणालाही ‘थांबा’ म्हणण्यापूर्वी ‘कुठवर’ ते सांगावे, एवढेच आम्ही शिकलो.