मीडियम म्हणजे मधलं

जून जवळ आला की आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये हप्त्यांचा हिशोब बाजूला राहतो आणि एकच विषय निघतो: पोरीला कुठल्या मीडियमला घालायचं? म्हणून आज हा शब्दच उलगडून बघू.

मीडियम आपण रोज म्हणतो. गॅस मीडियमवर ठेव, गाऊन मीडियम साइझचा दे. लहान नाही, मोठा नाही, मधला. इंग्रजीने हा शब्द लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये 'मेडिउस' म्हणजे मधला. आता मेडिउस आणि आपलं मध्य एकापाठोपाठ म्हणून बघा. सारखं वाटतं ना? हा योगायोग नाही. लॅटिन, ग्रीक, संस्कृत एकाच जुन्या मुळातून फुटल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं आणि पुढच्या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. त्याच मध्यापासून आपला मधला, मध्यस्थ आणि घरातलं माजघरसुद्धा. (पोळ्यातल्या मधाचा मात्र काही संबंध नाही हं!) तेव्हा मीडियम आपल्या नात्यातलाच, लांबच्या मावसबहिणीसारखा.

मग शाळेचं मीडियम मधलं कसं? दोघांच्या मधे राहून इकडचं तिकडे पोचवतं ते माध्यम. एका बाजूला गणित, परिसर अभ्यास. दुसऱ्या बाजूला आपली लेक. मधे भाषा. भाषा पोचवणारी झाली तर धडा लेकीपर्यंत येतो, नाहीतर मधेच अडतो आणि ती नुसती पाठ करते.

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. पोरींना इंग्रजी आलंच पाहिजे. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, हे कितीतरी आयांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय, की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी.

फी भरण्याआधी एक करा. त्या शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या मुलीला विचारा, "बाळा, काल काय शिकलीस? आपल्या बोलीत सांग." ती काय सांगते ते नीट ऐका. आणि तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.