टेबलावरचं पांढरं कडं



आमच्या बचत गटाचं एक जुनं सागवानी टेबल आहे. बैठक, हप्ते, हिशोब सगळं त्याच्यावरच चालतं. एका सभासद ताईनं सासूची आठवण म्हणून ते गटाला दिलं. गेल्या दिवाळीत आमच्यापैकीच कुणीतरी चुलीवरून उतरवलेला चहाचा गंज थेट त्याच्यावर ठेवला. उचलून पाहतो तर ताटाएवढं पांढरं कडं! त्या ताईचं तोंडच उतरलं. कुणी म्हणालं, "विकून टाका, प्लास्टिकचं आणू." एकीनं तर जाड पॉलिश पेपर घेऊन आडवं घासायलाही घेतलं. कोपऱ्यावर ओरखडे उठले तेव्हा आम्ही थांबलो.

मैत्रिणींनो, बल्लारपूरहून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं. तसंच सागवान आपल्या घरात पेटी, चौरंग, देव्हारा होऊन बसलंय आणि एका डागापायी आपण ते मातीमोल विकतो. एका जाणत्या सुतारदादांनी आम्हाला सांगितलं, "बाई, डाग लाकडाला नाही, पॉलिशला आहे."

डाग पांढरा असेल तर ओल पॉलिशमध्येच अडकलेली असते, ते घरी निघतं. काळा असेल तर पाणी लाकडात उतरलंय, तिथे सुतारालाच बोलवा.

आधी पॉलिश ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरीटचा बोळा टेकवा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. जुन्या सामानावर बहुधा हेच असतं. चिकट झाली नाही तर पॉलिश वेगळं आहे, त्यावर पुढचा स्पिरीटचा उपाय करू नका.

पांढऱ्या डागावर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. तेवढ्यानं गेला नाही तर फडक्याला नावापुरतं स्पिरीट लावून डागावरून एकदाच हलकासा हात फिरवा. घासत बसलात तर पॉलिशच निघून येईल.

ओरखड्यासाठी अर्धा लिटर स्पिरीटमध्ये १०० ग्रॅम चपडा लाख काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळं पडतं. ही लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरावर येते तीच. ओरखडा ३२० नंबरच्या पेपरनं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हळू घासा, धूळ पुसा आणि गाळलेल्या पॉलिशचा पातळ हात द्या. तासभर वाळू द्या, मग दुसरा हात. असे तीन-चार हात पुरतात. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पिरीट पटकन पेट घेतं. चूल, दिवा, बिडी जवळ नको, काम अंगणातच करा. जवसाचं तेल वापरलं तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. आणि हे स्पिरीट विष आहे. १९९३ सालापासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीतल्या बायांना वेगळं काय सांगावं? बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा, कुलपात ठेवा, आणि काम संपलं की उरलेलं घरात साठवू नका.

आमच्या टेबलावरचं कडं गेलं. कोपऱ्यावरचे ओरखडे मात्र नीट पाहिलं तर दिसतात. ते आमच्या घाईचे. आता बैठकीत चहा आला की ती ताईच आधी गोणपाटाचा तुकडा अंथरते आणि हसून म्हणते, "ठेवा आता."