हिरवा त्रिकोण, निळा त्रिकोण आणि नीरेतला मासा



खंडाळा तालुक्यातले बहुतेक ओढे शेवटी नीरा नदीला मिळतात. शिरवळ-केसुर्डीकडचे कारखाने असोत की लोणंदकडची कांद्याची शेतं, पाण्यात सोडलेल्या रसायनाची वाट एकच. ते रसायन माशाला किती बाधतं हे ठरवायची एक पद्धत आहे. आज तिच्याविषयी बोलू.

प्रयोगशाळेत काचेच्या टाक्या मांडतात. एकीत साधं पाणी, पुढच्या पाचांत रसायनाचं प्रमाण चढतं. प्रत्येकीत निदान सात मासे. पुष्कळदा झेब्रा मासा वापरतात. अंगावर निळे पट्टे असलेला हा इवलासा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला. चाचणी चालते ९६ तास, म्हणजे चार दिवस. मासे रोज पाहायचे: तिरपे पोहतात का, वर येऊन तोंड वासतात का, कल्ले भराभर हलतात का. पाण्यात प्राणवायू पुरेसा राखतात, म्हणजे मासा मेला तो गुदमरून, अशी शंका उरत नाही. साध्या पाण्यातलेच मासे मरू लागले, तर चाचणी बाद. ज्या प्रमाणात चार दिवसांत निम्मे मासे मरतात, त्याला एलसी-५० म्हणतात. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल.

कारखान्यांनाही हीच मुदत लागू आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, त्यात दुसरं पाणी न मिसळता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगायला हवेत.

आता आपल्या बांधावर येऊ. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. शेतकरी तो बघूनच औषधाची धास्ती किती धरायची ते ठरवतो. पण हा रंग ठरतो उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून. माशाचा त्यात हिशेबच नाही.

सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. माणसाचं शरीर ते बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं. माशाला ते तितक्या वेगानं जमत नाही, आणि कल्ल्यांतून विष थेट रक्तात जातं. दहा टक्क्यांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम विष असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतात. दहा-दहा हजार लिटरच्या अशा दोन टँकरांत तो एक मिलिलिटर मिसळला, तरी लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम उरतात. बऱ्याच जातींच्या माशांना प्रयोगशाळेत एवढंही पुरतं. ओढ्यात काही विष गाळाला चिकटतं, त्यामुळे परिणाम कमी दिसू शकतो; पण उन्हाळ्यातल्या डबक्यात पाणीच किती असतं?

म्हणून फवारणी झाल्यावर पंप ओढ्यात धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत घाला. पंप धुतलेलं पाणी विहीर-ओढ्यापासून दूर, आपल्याच शेतात जिरवा. आणि बाटलीसोबतचं घडीपत्रक उलगडून माशांविषयी काय लिहिलंय ते वाचा. त्रिकोण तुमच्या जिवापुरता आहे. पाण्यातल्या जिवांची सूचना असली, तर ती त्या बारीक अक्षरांत असते.