मनातली उजळणी आणि पुन्हा अभ्यास

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं झाली. बहुतेकांची घरकर्जं फिटली, मुलं मार्गाला लागली. दुपार आता मोकळी असते. अशा वेळी कुणी म्हटलं, 'पुन्हा शिकायला लागा,' तर आपलं उत्तर ठरलेलं : 'आता या वयात काय शिकायचं?' आज मला त्या उत्तराबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या जवळच्या तेरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेवांना मात्र राग आला, आणि काकांनी त्यांनाच कच्चं ठरवलं. आपण कथा बहुधा इथंच थांबवतो. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो असं लोक मानत, ते नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. नाव झालेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही, हे आपल्या भागात शेकडो वर्षांपासून सांगितलं जातं.

बँकेत असताना मी एक गोष्ट रोज बघत होतो. अंगठ्याचं खातं असलं की सहसा चेकबुक मिळत नसे. पैसे काढायला खातेदारानं स्वतः यायचं, साक्षीदारासमोर अंगठा द्यायचा. स्लिप दुसऱ्यानं भरायची, आकडाही दुसऱ्यानंच वाचून सांगायचा. कष्टाचे पैसे आपले, पण ते किती आहेत हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं! आज तीच अडचण मोबाईलवर येते. बँकेचा मेसेज नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. म्हणून शिकणं हे फक्त नोकरीसाठी असतं, हे मला पटत नाही.

मग अडतं कुठं? पुष्कळदा मनात अडतं. आपण कल्पना करतो ती शेवटाची. पास झालो, सत्कार झाला, फोटो आला! किंवा उलट, नापास झालो, लोक हसले. या दोन्ही कल्पनांनी वही काही उघडत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिएन फाम आणि शेली टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधी काही विद्यार्थ्यांना रोज थोडा वेळ चांगल्या मार्कांचं चित्र डोळ्यांपुढं आणायला सांगितलं. काहींना आपण अभ्यासाला बसलोय, हे चित्र आणायला सांगितलं. अभ्यासाचं चित्र पाहणाऱ्यांनी लवकर सुरुवात केली आणि त्यांना मार्कही चांगले पडले. नुसत्या मार्कांचं चित्र पाहणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी झाला.

आपल्याला हे नवीन नाही. मानसपूजेत काय करतात? देवाला स्नान, गंध, फूल, नैवेद्य, सगळं क्रमानं मनातल्या मनात. एकही पायरी गाळायची नाही. तबला शिकणारा मुलगा हात ठेवण्याआधी बोल तोंडानं म्हणतो, हातानं ताल धरतो. त्याला पढंत म्हणतात. कल्पनेचा सराव म्हणजे हेच.

पण एक सांगतो, नुसत्या कल्पनेनं भागत नाही. पास्कुआल-लिओने या शास्त्रज्ञानं १९९५ साली पियानोच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच दिवस, रोज दोन तास. काहींनी प्रत्यक्ष वाजवलं, काहींनी फक्त मनात. बोटं चालवणाऱ्या मेंदूच्या भागात दोघांमध्येही बदल दिसला. मनात वाजवणाऱ्यांचा हात मात्र तेवढा बसला नव्हता. पण पुढं एकदा दोन तास प्रत्यक्ष वाजवल्यावर ते बरोबरीला आले. म्हणजे मनातली उजळणी ही मशागत. पेरणी हातानंच करावी लागते.

करायचं कसं? रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटा. उद्या चार वाजता मी कुठल्या खुर्चीवर बसणार, कुठलं पान उघडणार, पहिली ओळ कुठली लिहिणार, हे बघा. मध्ये पाहुणे आले, नातू रडला, तर पुन्हा केव्हा बसणार, तेही ठरवा. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर बसा. वाचून झालं की पुस्तक मिटून काय वाचलं ते मनात मांडा. आठवलं नाही तर पुन्हा उघडा. त्यात लाजायचं कशाला?

वाटा आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून दप्तर घेऊन येऊ लागल्या. आपल्याकडं सातवी-आठवीतून शाळा सुटलेल्या भगिनींना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवा. पुढच्या शिक्षणासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घर सांभाळून, नोकरी सांभाळून तिथं शिकता येतं.

आणि परीक्षा नकोच असेल तर नको. कुणाला ज्ञानेश्वरी अर्थासह वाचायची असेल, कुणाला मोडी, कुणाला नातवाबरोबर इंग्रजी.

शेवटी एक विनंती. आपला हॉल दुपारी चार ते पाच रिकामाच असतो. संचालक मंडळानं तो रोज एक तास अभ्यासासाठी द्यावा. पासबुक, अर्ज आणि बँकेचे कागद वाचायला शिकवायचं काम माझ्याकडं. सोमवारपासून सुरू करू. येताना एक वही आणि पेन आणा. कोण किती शिकलंय, हे तिथं कुणी विचारणार नाही.