पेशींची वाटचाल



कामगार संघटनेच्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज गर्भातील पेशींविषयी बोलणार आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. हा विषय एका मुलामुळे माझ्या पदरी पडला.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराला मुलगा झाला. दोन दिवस उलटून गेले तरी मुलाला शी झाली नाही. पोट फुगत चालले. घरच्यांनी एरंडेल चाटवले आणि बोल लावला तो सुनेला. गरोदरपणी मागावर उभी राहिली, मिरच्या खाल्ल्या, त्याचे हे फळ! पुढे शस्त्रक्रिया झाली आणि मूल वाचले. डॉक्टरांनी ‘हर्शस्प्रुंगचा रोग’ हे नाव सांगितले आणि मी पुस्तके धुंडाळू लागलो.

आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जाळे असते. स्नायू आळीपाळीने आवळले आणि सैल पडले तरच अन्न पुढे सरकते. हे काम त्या जाळ्याचे. पण या पेशी मूळच्या आतड्यातल्या नव्हेत. गर्भाच्या पाठीवर ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, तिच्या काठावर त्या जन्मतात. १८६८ साली विल्हेल्म हिस यांनी कोंबडीच्या गर्भात हा पट्टा प्रथम वर्णन केला. माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्यात त्या मानेच्या बाजूने आतड्यात शिरतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास शेवटच्या टोकाला पोचतात.

हे कळले कसे? १९५४ साली यंटेमा आणि हॅमंड यांनी कोंबडीच्या गर्भातील हा पट्टा काढून टाकला, तेव्हा आतडे मज्जापेशींवाचून राहिले. पुढे १९६९ मध्ये फ्रान्समधील निकोल ल द्वारँ यांना एक खूण सापडली. लावा पक्ष्याच्या पेशीला रंग दिला की केंद्रकात गडद ठिपका दिसतो. कोंबडीच्या पेशीत तो तसा दिसत नाही. लाव्याचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला, की कोणती पेशी कोठे गेली ते ओळखता येते.

आता चाल पाहा. पेशी पुढे एक पाऊल पसरते, भोवतालच्या प्रथिनांच्या धाग्यांना पकडते आणि उरलेले अंग ओढून घेते. आतड्याची भिंतही स्वस्थ नसते. ती जीडीएनएफ नावाचे प्रथिन सोडते; पेशीच्या अंगावरचे रेट नावाचे प्रथिन तो निरोप घेते. या निरोपावर पेशी जगतात, वाढतात आणि पुढे सरतात. त्यातच आतडेही लांबत असते, म्हणजे वाट चालता चालता वाढते!

मला मोर्चा आठवला. पण आमच्या मोर्चाला पुढारी लागतो, येथे तो नाही. मागच्या पेशी वाढत राहतात, त्या गर्दीने आघाडी सरकते. संख्या कमी पडली की आघाडी वाटेतच थांबते आणि आतड्याचे शेवटचे टोक मज्जापेशींवाचून राहते. तेथील स्नायू सैल पडत नाही, वाट अडते. सुमारे पाच हजारांत एका मुलाला हे होते. १९९४ साली काही रोग्यांत रेटच्या जनुकातच बिघाड सापडला.

कोपनहेगनच्या हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा दोन मुलांची हकिकत मांडली. तेव्हा फुगलेले आतडेच रोगी वाटले होते. खरा दोष त्याच्या खालच्या, दिसायला धड असलेल्या अरुंद भागात होता. १९४८ मध्ये बोस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन यांनी तो भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

सूज दिसते तेथेच दोष आहे असे मानण्याची खोड आपल्यालाही आहे. त्या सुनेची मिरची आणि तिचा माग यांचा येथे काही संबंध नव्हता. पेशी थांबल्या तेव्हा गर्भ दोन महिन्यांचाही नव्हता.

म्हणून दोनच गोष्टी मागतो. नवजात बाळाला दोन दिवसांत शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर एरंडेल न देता ताबडतोब दवाखाना गाठा. आणि त्याच्या आईला बोल लावू नका.