घरच्या घरी कापडावर छाप

जून झालेली भेंडी बाजारात कुणी घेत नाही. ती आडवी कापून बघा, पाकळ्यांचं फूल तयारच असतं! पण हा ठसा दुसऱ्या दिवशी सुकतो. टिकाऊ हवा तर सायकलच्या जुन्या ट्यूबची नक्षी कापून सपाट लाकडी ठोकळ्यावर पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. अक्षरं मात्र उलटी लावा. नवं सुती कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात रंगाचे अन् कापडाचे, दोन्ही पैसे वाया. खाली घोंगडी अंथरा. कापडावर छापायचाच रंग आणा. ठसा रंगात बुडवू नका, रंग लावलेल्या फडक्यावर टेकवा. पहिले चार ठसे जुन्या धोतरावर उमटवून बघा. छाप पुरता वाळला की उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा.