पाण्याचा जमाखर्च



घर मिळकतीवर चालवावे, ठेव मोडून नव्हे. निसर्गाचेही तसेच. पाऊस ही मिळकत, भूजल ही ठेव. ती संपल्यास उसने देणारी बँक नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते : आधी माणसांची व जनावरांची तहान, मग पिके. शेतीसाठी विंधन विहिरींना तेथे बंदी आहे.

वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण. पाणी अमानत आहे. त्यावर पुढच्या पिढीचा हक्क आहे. विद्यार्थ्यांनी मोहल्ल्यातील गळके नळ मोजून जमातीपुढे हिशेब ठेवावा. वडीलधाऱ्यांनी वुजूखान्याचे पाणी झाडांकडे वळवावे. एवढे झाले तरी आजचे बोलणे सार्थकी लागेल.